सुतारआळीचा बोळ कुणाचा?

मंडळी, ऐका! आज निरूपणाला अभंग घेतलेला नाही. प्रश्न घेतलाय. साधाच आहे, घाबरू नका! जी वस्तू खरोखर आपली आहे, ती ‘माझी आहे’ असं सांगण्यात पाप आहे का?

बोला की! ... पुढच्या रांगेत माना हलल्या — नाही, नाही, पाप कसलं! बरोबर आहे. चोरी नाही, लबाडी नाही. कागद आपल्याकडे, शिक्का आपल्याकडे. मग ‘माझं’ म्हटलं तर देवाला राग यायचं कारण काय? मलाही असंच वाटायचं. दोन वर्षांपूर्वीपर्यंत अगदी छातीठोकपणे वाटायचं.

आणि त्या खांबाला टेकलेल्या काकांनी मान हलवलेली नाही. काका, पटलं नाही, की डोळा लागलाय? लागला असेल तर लागू द्या! आख्यानात पुढे भांडण आहे. भांडणात कुणाला झोप लागलेली मी अजून पाहिलेली नाही!

तर आजच्या आख्यानात राक्षस नाही, ऋषी नाही, शाप नाही, वरदान नाही. एक बोळ आहे. लांबी बासष्ट फूट, रुंदी साडेचार फूट. हसू नका! एवढ्याशा जागेत काय काय मावतं, ते आता सांगते.

आमची सुतारआळी उतारावर आहे. वर एक रस्ता, खाली एक रस्ता. वरच्या रस्त्याला तोंड करून दामूकाका शेट्यांचं घर. खालच्या रस्त्याला तोंड करून मथुरामावशी खातूंचं. म्हणजे दोन घरांची पाठीला पाठ, आणि त्या दोन पाठींच्या मधोमध हा बोळ. बोळाच्या एका टोकाला आमच्या घराचं मागचं दार, दुसऱ्या टोकाला लक्ष्मीनारायणाच्या देवळाचं अंगण. बसलं डोक्यात? बसलं. आता माणसं.

दामूकाका शिंपी. वय सहासष्ट. गळ्यात सदा मापाची टेप. आंघोळीला जातानाही काढत नाहीत असं आळीत म्हणतात. मी पाहायला गेलेली नाही! मथुरामावशी त्र्याहत्तर वर्षांच्या. पापड, कुरडया, आमसुलं, सगळं त्यांच्याकडचं. आवाज असा, की त्यांनी बोळात ‘दामूऽऽ’ म्हटलं की देवळातली कबुतरं उडतात.

आणि तिसरे आमचे तात्या. माझे वडील.

तात्या देवळात संध्याकाळच्या आरतीला पेटी वाजवायचे. एक-दोन नाही, एक्केचाळीस वर्षं! तात्यांनी सूर दिल्याशिवाय पुजारीबुवा निरांजन उचलत नसत. मोठे वादक होते का? नाही हो. बैठकीला कुणी बोलावलं नाही, रेडिओवर कधी वाजले नाहीत. पण आळीतल्या कुठल्या माणसाचा गळा कुठल्या पट्टीत अडतो, हे त्यांना ठाऊक होतं. मथुरामावशी वर गेल्या की पेटी हळूच वर जायची, दामूकाका घसरले की खाली यायची. सगळ्यांना वाटायचं, आपण सुरात गातो! असा भ्रम एक्केचाळीस वर्षं टिकवणं ही काय लहान सेवा आहे?

मग तात्या न्हाणीघरात पडले. मांडीचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, चालणं काही जुळलं नाही. घरात चाकाची खुर्ची आली. दवाखान्यातून आले त्या दिवशी त्यांनी मला एकच विचारलं. औषध किती दिवस, हे नाही. पथ्य काय, हेही नाही. म्हणाले, “कुमू, देवळात कसं जायचं?”

पुढच्या दाराला चौदा पायऱ्या. तिथून खुर्ची न्यायची तर चार माणसं हवीत, आणि चार माणसं रोज साडेसहाला कुठून आणायची? राहिलं मागचं दार. तिथे बोळ सपाट आहे, पण दगडगोटे वर आलेले. मी एक दिवस खुर्ची ढकलून पाहिली. बासष्ट फुटांत तात्यांची कवळीसुद्धा खिळखिळी झाली! म्हणाले, “डॉक्टरांनी जुळवलेलं तू परत सुटं करतेयस.”

म्हटलं, लाद्या घालू. एका दिवसाचं काम. आणि इथे, मंडळी, मी चूक केली! चार पुस्तकं वाचलेली बाई मी. वाटलं, रीतीने करावं, आधी विचारावं. पण विचारायचं कुणाला? बोळ कुणाचा? ऐंशी-नव्वद वर्षांत हा प्रश्न आळीत कुणी विचारला नव्हता. लोक त्यातून नुसते जात होते आणि येत होते. अडाणी बिचारे!

मी आधी दामूकाकांकडे गेले. ते मशीनवर होते.

“काका, मागच्या बोळात लाद्या घालायच्यात, तात्यांच्या खुर्चीसाठी. तुमची हरकत नाही ना?”

“हरकत? तात्यांसाठी? अगं, घाल की! माझी परवानगी आहे म्हणून समज!”

किती चांगलं बोलले! मी तशीच मावशींकडे. त्या कोकमांची सालं निवडत होत्या. मी आनंदाने सांगितलं, “मावशी, बोळात लाद्या घालतेय. दामूकाकांनी परवानगी दिली.”

मावशींचा हात थांबला.

“कुणी दिली?”

“दामूकाकांनी.”

“आणि तो कोण गो परवानगी देणारा?”

“मग... घालायच्या नाहीत का?”

“घालायच्या ना! शंभरदा घालायच्या! तात्यांना कोण नाही म्हणेल? पण परवानगी मी देणार! बोळ खातूंचा आहे!”

बघा, मंडळी, गंमत बघा! लाद्यांना कुणाचाही नकार नाही. नकार कशाला? तर दुसऱ्याने ‘हो’ म्हणण्याला! असं तुमच्याकडे होत नाही ना? लग्नात नवरीकडच्यांनी जेवण चांगलं ठेवलं तर आपल्याला आनंद होतो. पण ‘आमच्या सांगण्यावरून ठेवलं’ असं कुणी म्हणालं, की तेच जेवण खारट लागतं!

झालं! पाच मिनिटांत दोघंही आपापल्या मागच्या दारात.

“दामू, माझी सासू या बोळात बसून वाल सोलायची. साठ वर्षं!”

“आणि माझे वडील याच बोळात सायकल शिकले, मथुराताई!”

“शिकले कुठे? पडले! आमच्या भिंतीवर! अजून पोपडा आहे तिथे!”

“ऐकलंत? हिने कबूल केलं! पडले, म्हणजे बोळ आमच्या वापरात होता!”

“पडणं हा वापर होय रे मेल्या?”

मी मधे म्हणते आहे, “अहो, पण लाद्या...” कुणी ऐकेल तर शपथ!

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशींनी बोळात पाटा-वरवंटा आणून ठेवला. का? ताबा! दुपारी दामूकाकांनी जुनं शिवणयंत्र ठेवलं — पायडल मोडलेलं, वर लाल रंगात ‘शेट्ये’ लिहिलेलं. मावशींनी पापडांची खाट टाकली. काकांनी मोडकं कपाट. मावशींनी कोंबड्यांचा खुराडा आणला. कोंबड्या नव्हत्या हो! नुसता खुराडा! शेजारणीकडून मागून आणलेला! आठवड्यात तो बोळ बोळ राहिला नाही, अडगळीची खोली झाली. माणूस आडवा होऊनसुद्धा जाईना. मांजरं तेवढी जायची. त्यांना मालकी ठाऊक नसते.

आणि देवळात काय झालं? पेटी नाही म्हटल्यावर आरती ओढूनताणून चालली. मावशी आणि काका एका ओळीत गायचे बंद झाले — एक देवाच्या डावीकडे, एक उजवीकडे. दोघांच्या दोन पट्ट्या, मधे देव! शेवटी विश्वस्तांनी विजेवरचं यंत्र आणलं. तुम्ही पाहिलं असेल. बटण दाबलं की नगारा, झांज, घंटा, सगळं एकदम. धडाम् धडाम्! भक्ती अशी चालू होते आणि अशी बंद होते. बोटालासुद्धा श्रम नाहीत!

तात्यांना घरी ते ऐकू यायचं. म्हणाले, “कुमू, हे यंत्र श्वास घेत नाही गं. माणसाने गायचं कुठल्या फटीतून?”

रोज साडेसहाला ते धुतलेला सदरा घालायचे, टोपी घालायचे आणि मागच्या दाराशी खुर्चीत बसायचे. मांडीवर पेटी. यंत्र वाजायचं. थांबायचं. मग ते टोपी काढायचे, मी पेटी आत ठेवायची.

असे सत्तावन्न दिवस गेले. मी मोजले, कारण दुसरं काही करता येत नव्हतं.

मधल्या काळात दोन्ही घरांतून मोजणी खात्याकडे अर्ज गेले. बोळ एक, अर्ज दोन, मोजणीदार एक. नाव पाटकर, सडपातळ माणूस, काखेत नकाशाची गुंडाळी. ते आले त्या दिवशी आळीत नुसती जत्रा! दामूकाकांकडे त्यांना चहा आणि पोहे. मावशींना कळल्याबरोबर मावशींकडे चहा, घावनं आणि खोबऱ्याची चटणी. काकांनी पुन्हा लाडू पाठवला. पाटकरसाहेब म्हणाले, “अहो, मी बोळ मोजायला आलोय. हे असंच चाललं तर बोळात शिरणार कसा?”

फीत धरायला दोन माणसं लागतात. एक टोक काकांनी धरलं. लगेच दुसरं मावशींनी! विश्वास कोण कुणावर टाकणार? आणि दोघांनी असं ओढलं, असं ओढलं —

“ओढू नका हो!” पाटकर ओरडले. “फीत सरकारी आहे!”

दोन तास मोजणी झाली. कोपरे पाहिले, नकाशा उलगडला, परत गुंडाळला, परत उलगडला. चेहरा गंभीर. आळी श्वास रोखून. कोंबड्या असत्या तर त्यासुद्धा गप्प झाल्या असत्या!

पाटकर म्हणाले, “नकाशात बोळच नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे कागदावर इथे रस्ता नाही. शेट्यांची हद्द जिथे संपते, तिथेच खातूंची सुरू होते. आणि ती रेषा जाते...” खाली वाकून त्यांनी बोळाच्या बरोबर मधोमध चुन्याची रेघ मारली. “इथून. सव्वादोन फूट यांचे, सव्वादोन फूट यांचे. दीड हात इकडे, दीड हात तिकडे.”

आणि दोघंही एकदम —

“बघ! मी सांगत नव्हतो!”

“बघ! मी सांगत नव्हते!”

दोघंही जिंकले, मंडळी! असा निकाल तुम्ही कुठल्या कोर्टात ऐकलाय? दोघांनी पेढे वाटले. मला दोन मिळाले. तात्यांनाही दोन. ते म्हणाले, “चला, आता अडगळ निघेल.”

निघाली! पाटा गेला, शिवणयंत्र गेलं, खुराडा ज्याचा त्याला गेला. मोकळा बोळ दिसला, माझा जीव भांड्यात पडला. म्हटलं, उद्याच लाद्यांवाल्याला बोलावते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात ठोकाठोकी ऐकू आली. मी दार उघडलं तर काय? चुन्याच्या रेघेवर सिमेंटचे खांब! एका टोकाला दामूकाका, एका टोकाला मथुरामावशी, मधे जाळीचं भेंडोळं. आणि किती गोडीने चाललेलं!

“मथुराताई, जरा तुमच्याकडे घ्या, सूत चुकतंय.”

“घेते रे दामू. थांब, आधी चहा घे. सकाळपासून राबतोयस.”

दोन महिने ज्यांनी एकमेकांचं तोंड पाहिलं नाही, ते दोघं मिळून, एकदिलाने, एकमेकांना चहा पाजत — कुंपण घालतायत! प्रेमाला काय काय निमित्त लागतं बघा! नाहीतर आपण! दोन भाऊ वर्षानुवर्षं भेटत नाहीत, आणि वाटण्यांच्या दिवशी मात्र एकाच ताटात जेवतात!

आता, बोळ साडेचार फूट. निम्मा सत्तावीस इंच. खांब चार इंची, त्यातले दोन इकडे, दोन तिकडे. राहिले किती? पंचवीस. आणि तात्यांची खुर्ची? सव्वीस इंच!

एक इंच, मंडळी. फक्त एक इंच.

त्या संध्याकाळी मी खुर्ची बोळाच्या तोंडाशी आणली. तात्यांचा सदरा धुतलेला, टोपी डोक्यावर, पेटी मांडीवर. डावीकडून घातली, चाक खांबाला अडलं. उजवीकडून घातली, तिथेही अडलं. जाळीच्या एका बाजूला काका, दुसऱ्या बाजूला मावशी.

“माझ्या बाजूने आण गो कुमू! मी अडवणार होय?”

“नाही, माझ्या बाजूने! माझी भिंत गुळगुळीत आहे!”

“जात नाही हो,” मी म्हटलं, “कुठूनच जात नाही.”

दामूकाका पुढे आले. गळ्यातली टेप काढली, खुर्ची मापली, जागा मापली, परत खुर्ची मापली. डोकं खाजवलं.

“एक इंच कमी पडतोय. दाबून बसवू?”

“काका, ही खुर्ची आहे, झंपर नाही!”

“मग मथुराताईंच्या बाजूला जाळी एक इंच सरकवू दे.”

“माझ्या का रे? तुझ्या बाजूला सरकव!”

आणि पुन्हा सुरू! तात्या आतापर्यंत गप्प होते. माणूस पेटीवाला — दोघं एकदम गायला लागले तर आधी थांबतो, कोण कुठल्या पट्टीत आहे ते ऐकतो. मग म्हणाले,

“दामू, एक सांग. घर तुझ्या आजोबांनी बांधलं. त्यांची हद्द कुठपर्यंत होती?”

“ही काय! जाळीपर्यंत! सरकारने मोजली!”

“मग भिंत जाळीवर का नाही बांधली? दीड हात आत का?”

दामूकाकांनी भिंतीकडे पाहिलं, जाळीकडे पाहिलं. टेप हातात, पण ह्याचं माप कसं घ्यायचं ते कळेना.

“मथुरा, तुझ्या सासऱ्यांनी तरी एवढी जागा का वाया घालवली? दीड हातात एक खोली रुंद झाली असती.”

मावशींनी वर छपराच्या कडेकडे पाहिलं. मग तो देवळातली कबुतरं उडवणारा आवाज खाली आला.

“पागोळ्यांसाठी, तात्या.”

पागोळ्या! नव्या मुलींना सांगते. उतरत्या छपरावरून पावसाचं पाणी कडेने धारांनी गळतं, त्या पागोळ्या. पूर्वी घर बांधताना रीत होती — हद्दीवर भिंत उभी करायची नाही. आपल्या छपराची धार आपल्याच जमिनीत पडली पाहिजे, शेजाऱ्याच्या नाही. म्हणून आपल्याच जागेतली दीड हात मोकळी ठेवायची. कुणी सांगायला येत नव्हतं, दंड नव्हता, नोटीस नव्हती. शेट्यांच्या आजोबांनी ठेवली. मावशींच्या सासऱ्यांनी ठेवली. एकाची दीड हात, दुसऱ्याची दीड हात. दोन मोकळ्या तुकड्यांचा मिळून झाला बोळ.

तात्या एवढंच म्हणाले, “त्यांनी रस्ता केला नव्हता रे. आपलं पाणी आपल्याकडे ठेवलं होतं. आपण त्यातून चालत राहिलो.”

आता तुम्हाला वाटेल, दोघांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि कुंपण पडलं! छे! इतकं सोपं असतं तर कीर्तनकारांची गरजच काय? दोघांच्याही मनात आलं, हे मी पाहत होते. पण काढायचं आधी कुणी? जो म्हणेल तो हरला! दामूकाका जाळीकडे बघतायत, मावशी आकाशाकडे बघतायत. तिकडे देवळात यंत्र सुरू झालं — धडाम्!

तात्या मला म्हणाले, “कुमू, भाता सोड. इथेच वाजवतो.”

आणि बोळाच्या तोंडाशी, खुर्चीत बसून, तात्यांनी आरतीचा सूर धरला.

बासष्ट फुटांवर आहे देऊळ. सत्तावन्न दिवसांनी तो सूर तिकडे पोचला. यंत्र मधेच बंद झालं! पुजारीबुवा निरांजनाचं तबक घेऊन अंगणाच्या कडेला आले. मागून सगळी आळी. पण येणार कसे? जाळीच्या इकडून निम्मे, तिकडून निम्मे. पंचवीस इंचांत एकामागे एक, अंग चोरून, पोट आत घेऊन! जाड माणसं आडवी चालत होती. एका बाजूला टाळ, एका बाजूला झांज. जणू तुरुंगात भेटीची वेळ झाली आहे, फक्त आत कोण आणि बाहेर कोण ते कळत नाही!

आरती झाली. तात्या मावशींबरोबर वर गेले, काकांबरोबर खाली आले, सगळं पूर्वीसारखं. मग निघालं तबक. बुवा शेट्यांच्या बाजूला होते. त्या बाजूच्यांनी आरती घेतली. आता पलीकडे द्यायचं. जाळीतून तबक जाईल? भोकं दोन बोटांची! बुवा म्हणाले, “फिरून येतो.” पुढे बोळाच्या तोंडाशी तात्यांची खुर्ची आडवी. ते मागे वळले, तर मागे वीस माणसं. सगळी वळली. सगळी देवळापर्यंत मागे गेली, कुंपणाला वळसा, पलीकडच्या वीस जणांना पुढे रेटत पुन्हा आत. तोवर निरांजन विझलं! एका बाजूला आरती मिळाली, एका बाजूला नाही.

मथुरामावशींना मिळाली नाही. हात तसेच पुढे.

जाळीपलीकडे दामूकाका. त्यांच्या हातात साखरफुटाणे आले होते. त्यांनी एक फुटाणा उचलला आणि जाळीच्या भोकातून पलीकडे केला. मग दुसरा. मग तिसरा.

मावशींनी घेतला, तोंडात टाकला. आणि मग आवाज आला — मूळचा!

“दामूऽऽ! पक्कड आण!”

“तुम्ही सांगितलंत हं! सगळ्यांनी ऐका, हिने सांगितलं!”

“हो, मी सांगितलं! तुझ्याहून सात वर्षांनी मोठी आहे, मला अधिकार आहे! आण!”

काका धावत पक्कड घेऊन आले. “आधी तुमच्या बाजूची तार तोडू, की माझ्या?”

“तार एकच आहे रे मेल्या!”

चाळीस माणसांनी हात लावला. जाळी गेली, खांब उपटले. दुसऱ्या दिवशी लाद्या आल्या. परवानगी? मी कुणालाही विचारली नाही! अर्ध्या लाद्या दामूकाकांनी बसवून घेतल्या, अर्ध्या मावशींनी, आणि मधली ओळ पाहून दोघंही म्हणाले, थोडी वाकडीच आहे, राहू दे.

त्यानंतर तात्या रोज देवळात गेले. वैशाखापासून कार्तिकापर्यंत. खुर्ची एकदाही अडली नाही.

मार्गशीर्षात तात्या गेले.

पुढच्या दाराने नेता आलं असतं. त्या दिवशी चार माणसं होती. चौदा पायऱ्यांचं काही वाटलं नसतं. मथुरामावशी म्हणाल्या, “नको. मागून न्या.” चौघांनी उचललं. तो बोळ अरुंद. दोघं आजूबाजूला चालले की भरतो. उजवीकडचे दोघं शेट्यांच्या जागेतून चालले, डावीकडचे दोघं खातूंच्या. सरकारी रेघेवर फक्त तात्या होते.

...

तर मंडळी, प्रश्न असा होता — आपलं ते आपलं म्हणण्यात पाप आहे का? नाही. पाटकरसाहेबांचा नकाशा खरा आहे, मी आजही सांगते. दोघांचाही शब्द खरा होता. एकानेही तसूभर खोटं सांगितलं नाही. पण त्या खऱ्याखुऱ्या कागदावर रस्ता नव्हता, हे विसरू नका. रस्ता होता तो मालकाने मोकळ्या ठेवलेल्या जागेत. ‘माझं’ म्हणा, खुशाल म्हणा! फक्त म्हणताना, भिंत हद्दीला टेकवू नका.

आता तुमच्याकडे वळते. वळले, तर लगेच खाली बघायला लागलात! घरी गेल्यावर एकदा मागच्या बाजूला जाऊन उभे राहा. खिडकीला जाळी, जाळीबाहेर कठडा, कठड्याबाहेर कुंड्या, कुंड्यांबाहेर वाळत घातलेली चादर — कुठवर आलोय आपण? तुमच्या छपराचं पाणी कुणाच्या दारात पडतं? तुमच्या बोलण्याची धार कुणाच्या अंगावर जाते? धाकट्या जावेला, सुनेला, भावाला, शेजाऱ्याला, आपल्या हक्कातलं दीड हात कधी मोकळं ठेवलंत? आणि ठेवलं असेल, तर ते चारचौघांत बोलून दाखवलं नाहीत ना? बोलून दाखवलं की तिथे खांब उभा राहतो, आणि माणूस एका इंचाने अडतो.

बास! माझं सांगून झालं. इथल्या बुवांनी निरांजन लावलंय, आरतीला उठायचं आहे. पण उठण्याआधी एक करा. मघापासून पाहतेय, दाराशी तिघीजणी उभ्या आहेत, एकीच्या कडेवर लेकरू आहे, आणि तुम्ही सतरंजीवर पसरून बसलात — डाव्या बाजूला पिशवी, उजव्या बाजूला पर्स. तुमची जागा आहे, कबूल! लवकर येऊन धरलीत.

जरा सरका.